रुजलेला दाखला

मी माझ्याच हिरड्याच्या बुंध्याशी खुरप्यानं खणत बसले होते, तेवढ्यात मागून दादांचा आवाज आला.

"कमळ, झाडाला विचारलंस का?"

"विचारलं, दादा."

"काय म्हणालं?"

"काहीच म्हणालं नाही."

"म्हणजे नको म्हणालं," दादा म्हणाले आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. रागावले की ते नेहमी मांडी घालायचे आणि आवाज आणखी मऊ करायचे. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा आरण्यक उभा होता. माझ्याच वयाचा, पंधरा वर्षांचा, आणि बोलण्याच्या बाबतीत साधारण हिरड्याइतकाच.

मी खणायची थांबले नाही. मला त्या झाडाखालचं मडकं हवं होतं, आणि मडक्यातला माझा शाळा सोडल्याचा दाखला.

दाखला झाडाखाली कसा गेला, ते आधी सांगते. मुकुंददादा गद्रे पुण्यातली इंजिनियरची नोकरी सोडून आमच्या आंबेटेपाला आले तेव्हा मी चौथीत होते. आंबेटेप म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरातली आमची धनगरांची वाडी. घरं अठरा आणि म्हशी त्याच्या चौपट. दादांनी आमच्या भावकीची पडीक जागा घेऊन तिथं 'रानपाटी' नावाची निसर्गशाळा काढली. भिंती नाहीत, घंटा नाही, इयत्ता नाही, परीक्षा तर नाहीच नाही. जागा देताना बानं एकच अट घातली होती, माझ्या पोरीला शिकवा. वाडीतली शाळा चौथीपर्यंत, पुढची अकरा किलोमीटरवर, म्हणून मी रानपाटीत गेले. बाकीची अकरा मुलं पुण्याकडची, शाळेतच राहणारी. त्यांचे आईवडील शनिवारी मोटारी घेऊन यायचे आणि मुलांच्या पायांना लागलेला चिखल बघून त्यांचे डोळे भरून यायचे.

पुण्याची मुलं तीन महिन्यांत अनवाणी चालायला शिकली. मला ते येतच होतं. मी बूट घालायला आठ दिवसांत शिकले असते, पण तो विषय रानपाटीत नव्हता. शाळेच्या माहितीपत्रकावर जे भेगाळलेले पाय छापले होते ते माझे. दादांनी प्रत्येक मुलाला रानातलं नाव दिलं होतं. तन्वीची पळस झाली, ईशानचा ऐन झाला. माझं नाव आधीच कमळ असल्यामुळे माझ्यावर निराळे संस्कार करावे लागले नाहीत.

प्रवेशाच्या दिवशी दाखला-रोपण व्हायचं. मुलानं आपलं रोप लावायचं आणि जुन्या शाळेचा दाखला मडक्यात घालून रोपाच्या मुळाशी पुरायचा. मग सगळ्यांनी डोळे मिटून 'कागदातून मोकळे होऊया' असं तीनदा म्हणायचं. बानंही म्हटलं, जरा मोठ्यानंच. त्याला वाटलं, शाळेची रीत असेल.

तर पाच वर्षांनी ते मडकं मी वर काढलं. तोंडावरची पणती उचलली. आत वाळवीनं मातीचं घर केलं होतं आणि त्यात तळहाताएवढा कागद उरला होता. त्यावर 'वर्तणूक: चांगली' एवढंच वाचता येत होतं.

"बघ, किती सुंदर!" दादा खरोखरच भारावून म्हणाले. "कागदाची माती झाली. झाडानं तुला सामावून घेतलं."

"दादा, मला दहावीला बसायचंय. सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. शाळेत नाव नसणारी मुलं तो भरून परस्पर परीक्षेला बसतात. महिनाअखेर शेवटची तारीख आहे."

"परीक्षा म्हणजे हिंसा, कमळ. हा हिरडा कुठल्या परीक्षेला बसला?"

"हिरड्याला मरगळ्यांचं स्थळ आलेलं नाही," मी म्हणाले.

दादांनी खिशातली छोटी वही काढली आणि ते वाक्य टिपून घेतलं. माझी वाक्यं ते नेहमी टिपून घ्यायचे. पुढं ती देणगीदारांच्या पत्रात यायची. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून ते निघून गेले.

आरण्यक मात्र तिथंच थांबला. खाली वाकून त्यानं मडक्यात डोकावून पाहिलं.

"आमच्या सगळ्यांच्या झेरॉक्स आहेत," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"मडक्यांत. सगळे पालक झेरॉक्सच आणतात. माझीपण झेरॉक्सच आहे. खरा दाखला आईच्या कपाटात आहे."

"मग माझ्या बाला कोणी सांगितलं का नाही?"

"सगळ्यांना वाटलं असेल, त्यांना माहीत असेल." एवढं बोलून तो मान खाली घालून गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या पाठीवर ते खुरपं फेकून मारावं असं वाटलं, पण ते शाळेचं होतं.

मरगळ्यांच्या स्थळाची मी थट्टा केली नव्हती. मरगळे पलीकडच्या डोंगरावरचे, चाळीस म्हशींचे धनी, आणि त्यांच्या थोरल्या मुलासाठी त्यांनी मला मागणी घातली होती. बा काही दुष्ट नव्हता. एका सकाळी धार काढता काढता त्यानं मला सगळं नीट समजावून सांगितलं.

"ह्ये बघ कमळे, धाव्वीला बसतीस तर मी थांबतो. धाव्वी झालेल्या पोरीला अंगणवाडीत घेत्यात, ते मलाबी कळतंय. पर कागुद दिसला पायजे. पाच वरीस साळंत जातीस आन दावायला एक कागुद न्हाई. कागुद न्हाई तर दिवाळी झाली का मरगळ्यांस्नी हो म्हणून सांगतो."

"बा, मी अजून पंधराची हाय."

"तुजी आय चौदाची व्हती," बा म्हणाला आणि पुढच्या म्हशीकडे वळला.

मला भीती वाटत होती. पलीकडचा डोंगर मी रोज बघत आले होते, पण त्या आठवड्यात मला त्याच्याकडे बघवेना.

वाडीच्या शाळेवर खुटवड गुरुजी होते. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं आणि चष्मा वर सरकवला.

"दुय्यम दाखला देतो की. त्यात काय एवढं? पण पहिला कुठं गेला, ते तुमच्या शाळेनं लिहून द्यायला पाहिजे. 'गहाळ झाला', दोन शब्द. खाली सही. बास."

दोन शब्दांसाठी मी तीन दिवस दादांच्या मागे फिरले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "गहाळ? खोटं मी लिहिणार नाही. तो हरवलेला नाही कमळ, तो रुजलाय."

"मग रुजला असं लिहा."

"आणि तू परीक्षेला बसणार? मग रुजवला कशाला आपण तो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला 'मनातला गोंधळ निवळेपर्यंत' हिरड्यापाशी बसवलं. तिसऱ्या दिवशीही बसवलं. तिसऱ्या दिवशी तिथं बसून मी पोटभर रडले. दादांच्या पत्नी शुभाताई लांबून पाहत होत्या. माझं झाडाशी नातं जुळतंय असं वाटून त्या आवाज न करता निघून गेल्या.

आता रानपाटीतल्या गोलाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्या गोलातच घडलं. रोज सकाळी आम्ही उंबराखाली गोल करून बसायचो आणि आपापली निरीक्षण-वही वाचायचो. नियम एकच: डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं, अनुमान काढायचं नाही. 'कावळा भुकेला आहे' हे अनुमान. 'कावळ्यानं भाकरीवर सहा वेळा चोच मारली' हे निरीक्षण. कोणी चुकलं की सगळ्यांनी एकसाथ 'अनुमान!' असं ओरडायचं आणि चुकलेल्यानं शंभर अंक होईपर्यंत झाडाला मिठी मारून उभं राहायचं. पुण्याच्या मुलांनी मिठ्या मारमारून उंबराची साल गुळगुळीत केली होती. मी पाच वर्षांत एकदाही मिठी मारली नव्हती. दादांना माझा फार अभिमान होता. "कमळची नजर अजून शब्दांनी बिघडलेली नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे. त्यांचा माझ्यावर होता तेवढा विश्वास दुसऱ्या कोणावरही नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पाहुण्यांचा गोल असायचा. सगळे पालक यायचे, एकदोन देणगीदार यायचे आणि त्या वर्षी तर एका वर्तमानपत्राच्या बाईही येणार होत्या. त्या दिवसासाठी प्रत्येकानं एका सजीवाचं आठवडाभर निरीक्षण करायचं होतं. तन्वीनं सुरवंट घेतला. ईशाननं पाल घेतली. मी आरण्यक घेतला.

तो दर सोमवारी आणि गुरुवारी शुभाताईंबरोबर गाडीनं पुण्याला जायचा. आजीला भेटायला, असं दोघं सांगायचे. आजी काही मी पाहिली नव्हती, त्यामुळे तिच्याविषयी मी काही लिहिलं नाही. जे पाहिलं ते मात्र आठवडाभर लिहिलं.

शनिवारी गोल चांगला मोठा झाला. पालक चटयांवर बसले होते. कित्येकांना मांडी जमत नव्हती आणि तरी ते प्रसन्न चेहऱ्यानं बसले होते. तन्वीचा सुरवंट झाला, ईशानची पाल झाली. मग दादा म्हणाले, "आणि आता ऐका आमची कमळ. ही या मातीतली मुलगी आहे."

मी उभी राहिले आणि वही उघडली.

"'सजीव: आरण्यक.'"

सगळे हसले. दादाही हसले. "वा! माणूस हासुद्धा निसर्गच," ते वर्तमानपत्राच्या बाईंना म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं.

"'सोमवार. चार वाजता गाडीतून गेला. जाताना पायात बूट. बुटाच्या तळव्याला आडव्या रेघा. परत आला तेव्हा अनवाणी. उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी भुकटी. अंगठ्याला आणि मधल्या बोटाला निळी शाई.'"

हसणं कमी झालं. शुभाताईंनी पदर सारखा केला.

"'मंगळवार. कुठं गेला नाही. गोलात बसल्यावर बोटाच्या टिचकीनं चिंचोका उडवला. सात वेळा. सातही वेळा चिंचोका समोरच्या दगडाला लागला.

"'गुरुवार. गाडीतून गेला. अंगात कॉलरचा पांढरा शर्ट. केस विंचरलेले. परत आला तेव्हा खिशात त्याचेच छोटे फोटो, एका पट्टीवर चार. पट्टीचा उरलेला भाग कापलेला. बाहीवर पांढरी भुकटी.'"

आता कोणीच हसत नव्हतं. मी शेवटची ओळ वाचली.

"'शुक्रवार. गाडीच्या मागच्या सीटवर दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म. त्यावर आरण्यकचा फोटो चिकटवलेला.'"

ही ओळ मी त्या सकाळी, घरून शाळेत येताना, बांधावर बसून लिहिली होती. तो फॉर्म मी पाहिला नव्हता. पण बाहीवर खडू, बोटांना शाई, खिशात फोटो! हा पुण्यात क्लासला जातोय, हा दहावीला बसतोय, याचा दाखला आईच्या कपाटात इस्त्री केल्यासारखा पडलाय आणि मला मात्र झाडाशी गप्पा मारायला बसवतायत. माझी इतकी खात्री होती की फॉर्म दिसला नाही ही माझ्या डोळ्यांचीच चूक वाटत होती. आणि दादांचा स्वतःचा मुलगा बसतोय हे चारचौघांत निघालं, तर मला ते कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होते?

कोणीही 'अनुमान' म्हणून ओरडलं नाही. कमळ अनुमान काढत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"कमळ," दादांचा आवाज फार मऊ झाला होता, "तो फॉर्म तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलास?"

"हो."

दादांनी मला पुन्हा विचारलं नाही. ते मुलाकडे वळले. "आरण्यक?"

आरण्यकनं आधी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी वही छातीशी धरून उभी होते.

"अहो, तो तिकडे..." शुभाताई बोलायला लागल्या.

"हो," आरण्यक म्हणाला. "मी दहावीला बसतोय."

शुभाताईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग तोंड मिटून घेतलं.

दादांचा चेहरा मला आजही आठवतो. मला वाटत होतं, त्यांची चोरी पकडली गेली आहे. पण त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसाचा नव्हताच. त्यांना खरोखर काही माहीत नव्हतं. झेरॉक्सचंही नसावं. त्या सगळ्या चटयांवर रानपाटीवर मनापासून विश्वास ठेवणारा एकच माणूस बसला होता, आणि मी नेम धरला तो त्याच्यावरच. मला वाईट वाटलं, पण वही मी खाली केली नाही.

आता पालक भडकणार, शाळा बंद पडणार, असं मला वाटलं होतं. ईशानची आई पुढं झुकली आणि तिनं शुभाताईंना विचारलं, "कुठला क्लास लावलाय?"

शुभाताईंनी पुन्हा पदर सारखा केला.

"नाही, म्हणजे आम्ही ईशानला रविवारी सदाशिव पेठेत पाठवतो. सर फार छान घेतात. पण इंग्रजीला जरा कच्चे आहेत."

"अय्या, तुम्हीपण?" तन्वीची आई म्हणाली. "मला वाटलं, आम्हीच एकटे!"

"गणिताला आमच्याकडे एक बाई आहेत," मागच्या चटईवरून कुणाचे तरी बाबा म्हणाले. "नंबर देऊ का?"

पाच मिनिटांत मांड्या मोडल्या, मोबाइल निघाले आणि उंबराखाली क्लासचे नंबर फिरायला लागले. देणगीदारांपैकी एकानंही आपल्या नातवासाठी एक नंबर घेतला. त्या वर्षी दहावीच्या वयाची आम्ही सातजण होतो. पुण्याच्या मुलांचे फॉर्म केव्हाच भरून झाले होते. सातांत फॉर्म न भरलेली मी एकटीच निघाले.

वर्तमानपत्राच्या बाईंना बातमी दिसायला लागली होती. त्या दादांजवळ येऊन बसल्या. "सगळेच बसतायत, तर मग ही मुलगी का नाही, दादा?"

दादांनी उंबराच्या सालीवरून हात फिरवला. मग त्यांनी कागद मागवला. रानपाटीत कागद केळीच्या सोपटांचा करायचे आणि शाई हिरड्याची. त्यांनी लिहिलं, 'कु. कमळ धोंडिबा ढेबे हिचा मूळ दाखला आमच्या शाळेच्या आवारात रुजला,' आणि खाली सही केली. त्या परिस्थितीतही ते खोटं लिहायला तयार नव्हते.

खुटवड गुरुजींनी सोमवारी तो कागद उजेडात धरला, हुंगला आणि म्हणाले, "रुजला? उद्या उगवून वर आला तर तालुक्याला काय सांगू?" त्यांनी 'रुजला' खोडून 'गहाळ झाला' केलं आणि मला दुय्यम दाखला दिला. मंगळवारी बा माझ्याबरोबर तालुक्याच्या हायस्कुलात आला. फॉर्मवर त्यानं अंगठा उठवला आणि पोच मिळाल्यावर ती दोन वेळा घडी करून टोपीत ठेवली. त्या वाटेनं परत येताना पलीकडच्या डोंगराकडे मी कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा नीट पाहिलं.

मला एकसष्ट टक्के पडले. अंगणवाडीत काही मी गेले नाही. बारावी झाले, बी.ए. झाले, परीक्षा दिली आणि तलाठी झाले. गेली दहा वर्षं मी पंचनामे लिहिते: वीज पडून मेलेली गाय, वाऱ्यानं उडालेले पत्रे, पुरात गेलेला बांध. काय दिसलं ते लिहायचं, का झालं ते नाही. माझ्या पंचनाम्यावर तहसीलदार न वाचता सही करतात. मरगळ्यांच्या थोरल्याचा गोठा एका पावसाळ्यात कोसळला, त्याचाही पंचनामा मीच केला. त्याच्या बायकोनं मला चहा दिला. चहा चांगला होता.

गेल्या डिसेंबरात रानपाटीचा मोठा वर्धापनदिन झाला आणि मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मी गेले, पायात बूट घालून. कमानीवर फलक होता: 'निसर्गाच्या कुशीतून चौऱ्याण्णव टक्क्यांकडे'. शाळेला आता भिंती आहेत. वेळापत्रकात अनवाणी चालण्याचा तास मंगळवारी असतो; पालकांची लेखी संमती लागते. उंबराभोवती कुंपण घालून 'कृपया मिठी मारू नये' अशी पाटी लावली आहे. साल फार झिजली म्हणे.

दादा आता थकले आहेत. माइकसमोरही ते मऊच बोलले. "या मुलीनं पाच वर्षांत एकही अनुमान काढलं नाही. माझ्याच घरातलं सत्य तिनं माझ्यासमोर ठेवलं. तेव्हा मला ते सोसलं नाही. आज मी तिचे सर्वांदेखत आभार मानतो." टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. दुसरं करणार काय होते?

कार्यक्रम संपल्यावर मी माझ्या हिरड्याकडे गेले. तिथं आरण्यक उभा होता. अठरा वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो. त्याचे पुण्यात गणिताचे क्लास आहेत, दोन शाखा, हे मी ऐकून होते. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, पण बोलायच्या आधी बघत राहायची सवय तशीच होती.

"एक विचारायचं राहिलंय," तो म्हणाला. "तो फॉर्म तुला कुठं दिसला होता?"

"गाडीच्या मागच्या सीटवर."

"मागच्या सीटवर माझा स्ट्रायकर असायचा. आणि पावडरची डबी."

"कसली पावडर?"

"कॅरमची."

मला माझी वही आठवली. बाही. मनगटापासून कोपरापर्यंत. टिचकी. सात वेळा, आणि सातही वेळा दगडाला. सगळं मी माझ्या हातानं लिहिलं होतं.

"मामाचा नारायण पेठेत क्लब होता," तो सांगत होता. "सोमवारी आणि गुरुवारी आई तिकडे न्यायची. शाई गुण लिहिताना लागायची. फोटो जिल्ह्याच्या ओळखपत्राला लागले होते."

"आणि फॉर्म?"

"फॉर्म नव्हताच. मी हो म्हणालो म्हणून आईनं सोमवारी जाऊन भरला. तिला ते कधीपासून हवंच होतं. दादांसमोर बोलायची सोय नव्हती."

म्हणजे त्या दिवशी सातांत फॉर्म न भरलेली मी एकटी नव्हते. दोघं होतो.

"मग हो का म्हणालास?" मी विचारलं.

त्यानं बुंध्याकडे पाहिलं, जिथं मी खणलं होतं तिथं. "नाही म्हणालो असतो तर सगळे 'अनुमान!' म्हणून ओरडले असते. तू शंभरापर्यंत झाडाला मिठी मारली असतीस आणि घरी गेली असतीस. तुझं मडकं मी पाहिलं होतं." मग तो थोडा हसला. "शिवाय परीक्षा म्हटल्यावर दादांना नुसतं दुःख झालं. कॅरम म्हटलं असतं, तर पाहुण्यांसमोर ते हसले असते."

"मग कॅरम?"

"राज्य स्पर्धा मार्चमध्ये होती. दहावीचे पेपरही मार्चमध्येच." ट्रेनची वेळ सांगावी इतक्या सहज त्यानं ते सांगितलं. "नंतर राहूनच गेलं."

अठरा वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले होते, की एकदाच खोटं बोलले, पण ते खोटं खरं निघालं. ते खरं निघालं नव्हतं. एका पंधरा वर्षांच्या मुलानं गप्पपणे ते खरं करून दिलं होतं, आणि त्याची किंमत मला आज कळत होती. माझी नोकरी, माझं घर, पायातले बूट, सगळं एकदम पायात जड झालं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "अगं, क्लास चांगले चालतात," आणि मला त्याहून वाईट वाटलं.

तिकडून दादांनी फोटोसाठी हाक मारली. जायला म्हणून आरण्यकनं हात हलवला तेव्हा मला दिसलं. फुल शर्टाच्या उजव्या बाहीवर, मनगटापासून कोपरापर्यंत, पांढरी भुकटी.

माझ्या मनात लगेच एक वाक्य तयार झालं. ते खरं असावं असं मला फार वाटत होतं. पण या वेळी मी विचारलं.

"आरण्यक, बाहीला पावडर लागलीय का?"

त्यानं बाहीकडे पाहिलं.

"खडू आहे," तो म्हणाला. "सकाळची बॅच घेऊन आलो."